शेतपंपाची पेटी : वेळेचे गणित व आज्ञेचे वाचन

विहिरीवरील विजेचा पंप घरबसल्या चालू अथवा बंद करणारी मोबाईल स्टार्टरची पेटी आता खेडोपाडी परिचयाची झाली आहे. शेतीच्या वाहिनीवर जेथे रात्रीच्या पाळीने वीज मिळते, तेथे तर या पेटीने शेतकऱ्याचे मोठेच हाल वाचविले आहेत. हाती बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची तमा न बाळगता अंधारातून विहिरीवर जावे, तो तेथे वीज गेलेली असावी. परत येऊन अंथरुणाला पाठ टेकावी, तो वीज आलेली असावी, हा अनुभव बागायतदारास नवा नाही. आता तो मोबाईलवरून एक लहानसा संदेश पाठवितो आणि मोटर चालू होते. या सोयीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तथापि पेटीच्या आत जो प्रोग्रॅम बसविलेला असतो, तो कसा लिहिला आहे याकडे घेणाऱ्याचे व विकणाऱ्याचेही लक्ष सहसा जात नाही, आणि नेमका तेथेच धोका दडलेला असतो.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. सकाळी साडेनऊ वाजता शेतकऱ्याने घरून ‘चालू’ असा संदेश पाठविला. त्यापूर्वी दोनच मिनिटे वीज गेली होती. पेटीला स्वतःची बॅटरी नसल्याने तिच्यातील मोबाईलचा भागही बंद पडला होता. संदेश अशा वेळी नाहीसा होत नाही. मोबाईल कंपनीच्या संदेश केंद्रात तो पडून राहतो व पेटी पुन्हा जागी होण्याची वाट पाहतो. इकडे मोटर चालू झाली नाही म्हणून शेतकरी विहिरीवर आला, वीज नसल्याचे त्याने पाहिले, आणि ‘आलोच आहोत तर पंपाचे कपलिंग तेवढे पाहून घ्यावे’ अशा विचाराने विहिरीतील ओट्यावर उतरला. सव्वाबारा वाजता वीज आली. पेटी जागी झाली, तिने मोबाईलची रेंज पकडली आणि संदेश केंद्राने अडकून पडलेला संदेश तिच्या हवाली केला. नंबर मालकाचा आहे, शब्द बरोबर आहे, वीजही आहे. पेटीने आज्ञा पाळली. पावणेतीन तासांपूर्वी दिलेली, देणारा स्वतः विसरूनही गेलेला ती आज्ञा कपलिंगवर हात असताना पाळली गेली. पुढे काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या प्रसंगात पेटीचे कोणतेही यंत्र बिघडलेले नाही आणि तारही तुटलेली नाही. चूक आहे ती प्रोग्रॅममधील दोन लहान भागांत. आलेला मजकूर वाचून त्यातून आज्ञा वेगळी काढणारा भाग हा पहिला, आणि घड्याळाच्या वेळेचे आकड्यात रूपांतर करणारा भाग हा दुसरा. पहिल्याने शब्द ओळखला, पण तो केव्हाचा आहे हे दुसऱ्याला विचारलेच नाही. शिळे अन्न ओळखावयास नाक लागते, तसे शिळी आज्ञा ओळखावयास पेटीला वेळेचे गणित यावे लागते.

हे प्रोग्रॅम बहुधा ‘सी’ या भाषेत लिहिलेले असतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही भाषा तयार केली. ब्रायन कर्निघन व रिची यांचे तिच्यावरील पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले, आणि तारखेवरून वर्षातील कितवा दिवस हे काढण्याचे फंक्शन त्या पुस्तकातही उदाहरणादाखल दिलेले आहे. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅमचा असा एक तुकडा की ज्यास ठराविक माहिती द्यावी आणि त्याने ठराविक उत्तर परत करावे. पिठाच्या गिरणीत एका बाजूने ज्वारी ओतावी व दुसऱ्या बाजूने पीठ घ्यावे, असा त्याचा व्यवहार असतो. ‘सी’ भाषा जागा थोडी घेते व जलद चालते. अशा पेट्यांत वापरण्यात येणाऱ्या एका प्रचलित नियंत्रक चकतीत, एटीमेगा ३२८ मध्ये, कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट असते. तेवढ्यात काम भागविणाऱ्या भाषा थोड्याच. परंतु ही भाषा लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. त्याने चुकीचे सांगितले तर ती हटकत नाही, सांगितले ते मुकाट्याने करते. पंचायत समितीच्या गावी दुकान घालून पेट्या जुळविणारे पदविकाधारक तरुण आज अनेक आहेत. त्यांच्या हुशारीबद्दल शंका नाही, पण पुढील गोष्टी त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या नजरेखालून गेलेल्या असतीलच असे नाही.

प्रथम वेळेचा विचार करू. ‘२२:३०’ हा मजकूर माणसाला वेळ वाटतो. यंत्राला ती नुसती पाच अक्षरे आहेत. इंग्रजी आकडा ‘०’ याचा यंत्रातील क्रमांक ४८ आहे आणि ‘८’ याचा ५६. म्हणून अक्षरावरून आकडा मिळविण्यासाठी ५६ मधून ४८ वजा करावे लागतात, तेव्हा ८ हाती येतात. तासांस ६० ने गुणून त्यात मिनिटे मिळविली की दिवसाच्या आरंभापासूनची मिनिटे मिळतात. रात्रीचे साडेदहा म्हणजे १३५०. सगळा दिवस १४४० मिनिटांचा. शेतपंपाच्या कामास मिनिटांचे हे माप पुरेसे आहे. सेकंदांच्या मागे लागण्याचे कारण नाही. मात्र ज्यांनी सेकंदांत हिशेब केला, त्यांपैकी काहींची पेटी सकाळी नऊपर्यंत बरोबर चालते व दहा वाजता बिघडते. कारण असे की, या लहान चकतीवर ‘सी’चा साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच मोजतो. नऊ तासांचे सेकंद ३२,४०० होतात, ते मावतात. दहा तासांचे ३६,००० होतात, ते मावत नाहीत, आणि पायली भरून धान्य सांडावे तसे सांडून उत्तर उणे २९,५३६ असे विपरीत येते. यावर उपाय सोपा आहे. गुणाकार करण्यापूर्वीच संख्या ‘लाँग’ म्हणजे मोठ्या मापाची असल्याचे सांगावे. गुणाकार झाल्यावर मोठ्या मापात ओतून उपयोग नसतो, कारण जे सांडावयाचे ते तोपर्यंत सांडून गेलेले असते.

काही ठराविक वेळेपर्यंत बरोबर आणि त्यानंतर चूक, असे हे दुखणे आणखी दोन ठिकाणी आढळते, आणि ते फसवे असल्यामुळे त्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मजकुराची संख्या करण्याकरिता ‘सी’च्या संग्रहात ‘स्ट्रटोल’ नावाचे फंक्शन तयार मिळते. संख्या कोणत्या पायाची समजावी हे त्यास सांगावे लागते. दहा सांगितले तर ठीक. परंतु काहीजण तेथे शून्य लिहितात, म्हणजे ‘तुझे तूच ओळख’ असे सांगतात. मग ते जुन्या प्रथेप्रमाणे शून्याने सुरू होणारी संख्या आठाच्या पायाची मानते. त्या पद्धतीत ८ आणि ९ हे आकडेच नाहीत. त्यामुळे ‘०७’ चे सात होतात, पण ‘०८’ व ‘०९’ यांचे शून्य होते, आणि ‘१०’ पुन्हा बरोबर दहा होतात. अशा पेटीला ‘०८’ व ‘३०’ हे दोन तुकडे निरनिराळे दिले तर ती साडेआठ न समजता मध्यरात्रीनंतरचे साडेबारा समजते. दुकानदाराने दुपारी चाचणी घेतली, पेटी उत्तम चालली. शेतकऱ्याने सकाळी आठची वेळ दिली आणि मोटर रात्रीच सुरू होऊन विहिरीचा तळ गाठून बसली. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात व भांडण मात्र मिटत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे पेटीतील घड्याळाची चकती. डीएस १३०७ किंवा डीएस ३२३१ या नावाच्या या चकत्या गोल बटनासारख्या लहान सेलवर वीज नसतानाही वेळ मोजत राहतात. त्या दशक आणि एकक निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतात, आणि दशकाचा कप्पा प्रोग्रॅमच्या दृष्टीने दहाच्या नव्हे तर सोळाच्या पटीचा असतो. कप्पे वेगळे न करता सरळ वाचले तर नऊपर्यंत काहीच फरक दिसत नाही, दहा वाजले की सोळा दिसतात आणि रात्रीचे बावीस वाजले की चौतीस. वरच्या कप्प्यास दहाने गुणून त्यात खालचा मिळविणारे चार ओळींचे फंक्शन लिहिले की हा घोळ मिटतो. घड्याळाच्या या चकत्यांतही प्रतवारी आहे. ज्या साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक असते, तो वर्षाकाठी सुमारे दहा मिनिटे मागेपुढे जातो. म्हणून महिन्यातून एकदा घड्याळ लावून घेण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असावी.

मध्यरात्र ओलांडण्याचे गणित अनेकांना चकविते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात पंप चालवावयाचा असल्यास आरंभ १३२० व शेवट ३६० येतो. ‘आताची वेळ आरंभाहून जास्त आणि शेवटाहून कमी असेल तर चालू’ अशी अट लिहिली, तर ती कधीच पुरी होत नाही, कारण १३२० हून मोठी व ३६० हून लहान अशी संख्याच नाही. पंप रात्रभर गप्प राहतो आणि शेतकरी विजेला दोष देतो. बरोबर रीत अशी की, आताच्या वेळेतून आरंभ वजा करावा, त्यात १४४० मिळवावे, आणि १४४० ने भागून उरलेली बाकी घ्यावी. ही बाकी ठरलेल्या मुदतीपेक्षा, म्हणजे येथे ४८० मिनिटांपेक्षा, कमी असेल तर पंप चालू ठेवावा. रात्रीचे दोन म्हणजे १२०. त्यातून १३२० गेले, १४४० मिळाले, उरले २४०. पंप चालू. दुपारचे बारा म्हणजे ७२०. त्याच रीतीने ८४० येतात. पंप बंद. यात १४४० मिळविण्याची पायरी गाळता कामा नये. ‘सी’ भाषेत उणे संख्येची बाकीही उणेच येते, आणि उणे संख्या ४८० हून नेहमीच कमी भरते.

येथे एक गोष्ट यंत्राची नव्हे, माणसांची आहे. गावात ‘गुरुवारी रात्री साडेबारा’ असे म्हटले म्हणजे गुरुवारचा दिवस मावळून जी रात्र झाली तिचे साडेबारा समजतात. उजाडेपर्यंत वार बदलला असे कोणी धरत नाही. घड्याळाच्या हिशेबी तो शुक्रवार असतो. विजेच्या पाळ्या वारानुसार बदलतात तेथे या एका समजुतीने पूर्ण रात्रीचे पाणी चुकू शकते. म्हणून वार विचारणाऱ्या पेटीने ‘शुक्रवार, पहाटेपूर्वी ००:३०’ असे उलट कळवून मालकाची खात्री करून घ्यावी. सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ, दीड, अडीच हे शब्द लहान मूलही समजते, पण यंत्राला ते समजावून देण्यास निराळे कोष्टक लागते. पावणेनऊमध्ये नऊ हा शब्द असूनही तास आठच असतो, एवढे लक्षात घेतले तरी यातील अडचण कळेल. अशी सोय करणे अशक्य नाही, पण अर्धवट करण्यापेक्षा न केलेली बरी.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. प्रत्येक संदेशाबरोबर तो संदेश केंद्रात पोहोचल्याची तारीख व वेळ येते. पेटीने ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली तर संदेश किती मिनिटांचा शिळा आहे हे तिला कळते. त्यासाठी नुसती दिवसातील मिनिटे पुरत नाहीत, कारण रात्री ११ वाजून ५० मिनिटांचा संदेश १२ वाजून १० मिनिटांनी मिळू शकतो, आणि मधे महिनाही बदललेला असू शकतो. तेव्हा तारखेचेही एकाच संख्येत रूपांतर करावे लागते. १ जानेवारी २००० पासून दिवस मोजणे सोयीचे पडते. सालातून २००० वजा करून उरलेल्या संख्येस ३६५ ने गुणावे. त्याच संख्येत ३ मिळवून ४ ने भागावे व अपूर्णांक सोडून द्यावा, म्हणजे होऊन गेलेले लीप दिवस मिळतात. मग चालू वर्षातील मागील महिन्यांचे दिवस व चालू महिन्याचे उलटलेले दिवस मिळवावे. एकूण दिवसांस १४४० ने गुणून त्यात आजची मिनिटे घालावीत. उदाहरणार्थ, २९ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री ११ वाजून ५० मिनिटांची संख्या १,२७,०९,४३० येते आणि १ मार्चच्या १२ वाजून १० मिनिटांची १,२७,०९,४५० येते. फरक वीस मिनिटांचा, तो बरोबर आहे. चाराने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप धरण्याची ही रीत २०९९ अखेरपर्यंत चालेल. २१०० हे वर्ष लीप नाही, परंतु तोपर्यंत आजची पेटी टिकणार नाही.

मोठ्या संगणकांवर हेच काम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून करतात आणि त्याकरिता ‘सी’च्या संग्रहात ‘एमकेटाइम’ हे फंक्शन तयार असते. ते वापरणाऱ्याने तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. त्यात जानेवारीचा क्रमांक शून्य असतो, साल १९०० पासून मोजलेले असते, म्हणजे २०२४ चे १२४ होतात, आणि दिलेली वेळ ते स्थानिक समजते. ज्या जुन्या पद्धतीत हे सेकंद ३२ बिटांच्या पूर्णांकात साठविलेले आहेत, तेथे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे व ७ सेकंदांनी माप भरून वाहील. आज बसविलेली एखादी चांगली पेटी तोपर्यंत विहिरीवर असणे शक्य आहे, म्हणून घेतानाच विचारून ठेवणे इष्ट.

स्थानिक वेळेचाही एक प्रश्न आहे. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ती १९०६ पासून लागू झाली, जरी मुंबई शहर त्यानंतरही कित्येक वर्षे आपली जुनी ‘मुंबई वेळ’ पाळीत होते. मोबाईलच्या संदेशात हा फरक तासांत नव्हे तर पावतासांत लिहिलेला असतो. साडेपाच तासांचे पावतास बावीस, म्हणून तेथे ‘+२२’ असे येते. ते बावीस तास समजून हिशेब करणारा प्रोग्रॅम संदेशास जवळजवळ एका दिवसाने मागे नेईल. घड्याळ जागतिक वेळेवर आणि संदेश भारतीय वेळेवर असला तर ताजा संदेशही ३३० मिनिटे पुढचा, म्हणजे अजून पाठवावयाचाच आहे, असा दिसतो. अशा वेळी वय उणे येते, आणि ‘वय दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर पाळावे’ एवढीच अट असेल तर खरोखर पाच तास शिळा संदेशही तिच्यातून निसटून जातो. यास्तव दोन्ही वेळा प्रथम एकाच मापावर आणाव्यात, आणि अट दोन्ही बाजूंनी घालावी. दोन मिनिटांहून अधिक पुढचा किंवा दहा मिनिटांहून अधिक मागचा संदेश मोटर चालू करण्यास नालायक समजावा. घड्याळाचा सेल संपून ते २००० सालावर गेले असेल तर मोटर चालू करण्याची कोणतीच आज्ञा पाळू नये व मालकास तसे कळवावे.

आज्ञा वाचण्याच्या फंक्शनकडे आता पाहू. सर्वांत वाईट रीत म्हणजे मजकुरात कोठेही अमुक शब्द सापडला की आज्ञा मिळाली असे मानणे. इंग्रजीतील ‘ऑन’ ही दोन अक्षरे फोन, मंडे, कूपन अशा कितीतरी इंग्रजी शब्दांच्या पोटात असतात, आणि रिचार्जच्या जाहिरातींत तर ‘ऑन’ हा शब्द स्वतंत्रपणेही येतो. म्हणून संदेश नोंदलेल्या नंबरावरूनच आला आहे हे आधी पाहावे, आणि नंतर अक्षरसमूह न शोधता संपूर्ण शब्द ताडून पाहावा. पहिलाच शब्द तेवढा पाहिला तरी भागत नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘चालू करू नको’ या वाक्यातील पहिला शब्द वाचून जो प्रोग्रॅम धावत सुटतो तो नेमके उलटे करतो. आज्ञेनंतर अपेक्षेबाहेरचा एकही शब्द उरला असेल तर ती आज्ञा नाकारावी, हाच येथे सुरक्षित नियम होय.

शब्द वेगळे करण्यासाठी ‘स्ट्रटोक’ हे फंक्शन सर्रास वापरले जाते. ते शब्दांमधील विरामचिन्ह पुसून तेथे शेवटाची खूण घालते, त्यामुळे मूळ मजकूर तुटतो आणि पुढे ‘तुम्ही असे पाठविले होते’ हे मालकास कळवावयाचे म्हटल्यास पहिला शब्दच काय तो शिल्लक असतो. शिवाय लागोपाठ दोन स्वल्पविराम आले तर ते एकच धरते. ‘चालू, वेळ, मिनिटे’ असा ठराव असताना वेळ चुकून रिकामी राहिली, तर मिनिटांचे २० हे तास समजले जाऊन रात्रीचे आठ होतात. ‘एटुआय’ या जुन्या फंक्शनचा दोष आणखी निराळा आहे. ‘००’ दिले तरी ते शून्य सांगते आणि ‘लवकर’ असा शब्द दिला तरी शून्यच सांगते. मध्यरात्र आणि निरर्थक मजकूर यांत त्यास भेद नाही. ‘स्ट्रटोल’ मात्र आपण कोणत्या अक्षरापाशी थांबलो हेही सांगते. ते एक अक्षरही पुढे सरकले नसेल, किंवा शब्द संपण्यापूर्वीच थांबले असेल, तर वेळ चुकीची आहे असे ठरवावे. तास ० ते २३ व मिनिटे ० ते ५९ यांच्या बाहेर असली तरीही नाकारावी.

लांबीचाही विचार हवा. इंग्रजी लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आज्ञेसाठी सोळा अक्षरांची जागा राखली आणि साठ अक्षरांचा मजकूर तेथे उतरविला, तर ‘सी’ भाषा थांबवीत नाही. शेजारच्या वाफ्यात पाणी फुटावे तसा तो मजकूर शेजारच्या स्मृतीत शिरतो, आणि तेथे कदाचित मोटरची स्थिती साठविलेली असते. १९८८ साली अमेरिकेत हजारो संगणकांना त्रास देणारा जो ‘मॉरिस वर्म’ पसरला, त्याने शिरकावासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक अशीच होती. ‘गेट्‌स’ हे लांबी न मोजणारे फंक्शन त्या वाटेच्या मुळाशी होते, आणि २०११ च्या मानकात ते भाषेतूनच काढून टाकण्यात आले.

शेतकऱ्याने मराठी आकड्यांत ‘२२:३०’ लिहिले तर पुष्कळ पेट्या गप्प बसतात, कारण देवनागरी आकड्यांचे क्रमांक निराळे आहेत आणि ‘हा आकडा आहे काय’ हे पाहणारे नेहमीचे फंक्शन त्यांना ओळखीत नाही. त्या दहा आकड्यांचे क्रमांकही लागोपाठचेच असल्याने वजाबाकीची तीच युक्ती तेथे चालते. दहा ओळींचे हे काम करण्याचा आळस करून शेतकऱ्यास इंग्रजी आकडे शिकावयास लावणे योग्य नव्हे.

चालू आणि बंद या दोन आज्ञांस मात्र एका मापाने मोजू नये. चालू करण्याची आज्ञा नंबर, शब्द, वेळ, वय अशा सर्व कसोट्यांस उतरली तरच पाळावी, व तिच्यासोबत किती मिनिटे चालवावयाचे हे असलेच पाहिजे, म्हणजे विहीर कोरडी पडून मोटर जळण्याचा धोकाही कमी होतो. बंदची आज्ञा शिळी असली तरी पाळावी. पंप थोडा वेळ उगाच बंद राहिल्याने कोणाचा जीव जात नाही. एकच संदेश किंवा मिस्ड कॉल येईल तेव्हा स्थिती उलटी करावी, अशी रचना काही पेट्यांत असते, ती टाळावी. संदेश दोनदा पोहोचला की चालू झालेली मोटर बंद होते आणि बंद केलेली चालू. वीज येताच आपोआप मोटर चालू करणारे ऑटोस्विच तर याहून धोक्याचे आहेत. शिवाय सगळ्या विहिरींवरील मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्याने रोहित्रावर भार येऊन ते जळते. वीज वितरण कंपनीने ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसविण्याचे आवाहन वेळोवेळी केलेले आहे.

आणि प्रोग्रॅम कितीही निर्दोष असो, विहिरीत उतरणाऱ्याने मेन स्विच पाडून किटकॅट फ्यूज स्वतःच्या खिशात घालूनच उतरावे. वीज गेलेली आहे हे विहिरीत उतरण्यास पुरेसे कारण समजू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास ‘सी’ भाषा येत नसली तरी पेटीची परीक्षा घेता येते. पेटी विकत घेण्यापूर्वी दुकानातच, अगर विहिरीवर वायरमनकडून मोटरच्या तारा सोडवून त्यांच्या जागी एक बल्ब लावून, अर्ध्या दिवसात हे काम होते. प्रथम ‘०८:३०’ व ‘०९:१५’ या वेळा पाठवून पेटी कोणती वेळ परत कळविते ते पाहावे. मग ‘२४:१०’ आणि ‘१२:७५’ पाठवावे. या दोन्ही तिने नाकारल्या पाहिजेत. ‘चालू करू नको’ या संदेशाने बल्ब लागला तर पेटी तेथेच परत करावी. पूर्ण १६० अक्षरांचा काहीतरी मजकूर पाठवून त्यानंतर ती पूर्वीसारखी चालते किंवा नाही हे पाहावे. रात्री १० ते सकाळी ६ अशी वेळ लावून, घड्याळ रात्री एकवर सरकवून, बल्ब लागलेला राहतो का ते पाहावे. शेवटी पेटीची वीज काढून ‘चालू’ हा संदेश पाठवावा, अर्धा तास चहापाण्यात घालवावा, आणि मग वीज जोडावी. पेटीला रेंज मिळण्यास मिनिट दोन मिनिटे लागतात, तेवढा वेळ बल्बवर नजर ठेवावी. चांगली पेटी या वेळी बल्ब न लावता मालकाच्या मोबाईलवर कळविते की, आज्ञा ३० मिनिटे जुनी आहे, हवी असल्यास पुन्हा पाठवावी.